मधोमध बसवलेलं इंजिन

सोलापुरात मी होडी दुरुस्त केली असं सांगितलं की माणसं आधी हसतात. "कुठल्या समुद्रावरची हो, मिस्त्री?" म्हणतात. हसा बाबांनो. ज्या गावात नळाला पाणी कधी येणार यावरून शेजारणींची भांडणं जुंपतात, त्या गावात होडीचं काम घेणारा मिस्त्री म्हणजे टकल्याला कंगवे विकणाराच की.

धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं. गमतीचे पुष्कळ आहेत. वेळापूरचा एक गडी इंजिनाला भूत लागलंय म्हणून चार लिंबं कापून, हळदकुंकू लावून ते ट्रकात घालून घेऊन आला होता. बघतो तर हवेच्या जाळीत उंदरानं संसार थाटलेला. उंदीर काढला, हँडल मारलं, भूत पळालं. असलं सांगत बसलो तर अंक पुरायचा नाही. पण लिहायला बसलो की मला ती होडीच आठवते, आणि होडी आठवली की तोंड कडू होतं. तेव्हा संपादकांनी माफ करावं. गंमत दुसऱ्या कुणाकडून घ्यावी.

आम्ही मूळचे दुधनीचे. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि इंजिन सुरू होईना की दोन्हींत शिव्या. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला माझी पत्र्याची शेड होती. विहिरीवरची डिझेल इंजिनं हा माझा मुख्य धंदा. दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा इंजिनं गंजत पडली आणि मीही. दुष्काळ सरला, तशी भीमेवर धरणाची भिंत चढू लागली. नदीकाठच्या गावांना नोटिसा गेल्या, कुणी उठलं, कुणी अडून बसलं. आणि त्याच सुमारास एका उन्हाळ्यात माझ्या शेडपुढं एक ट्रक येऊन थांबला. ट्रकमध्ये होडी.

ट्रकबरोबर दोन माणसं होती. पुढं केबिनमध्ये बसलेले ते त्या गावच्या सोसायटीचे चेअरमन. सगळे त्यांना आबासाहेब म्हणत. पांढरंशुभ्र धोतर, बोलणं गूळ लावल्यासारखं. मागं होडीतच बसून आलेला तो गेनबा नावाडी. साठीच्या पुढचा, हडकुळा, हाताचे पंजे मात्र फावड्याएवढे. ट्रकमधून उतरला आणि पहिल्यांदा त्यानं काय केलं असेल, तर शेडमध्ये माठ कुठं आहे ते बघितलं आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यात पानी लई लांबचं दिसतंय की."

गावाचं नाव मी लिहीत नाही. तिकडची माणसं अजून आहेत, त्यांची पोरंबाळं आहेत. करमाळ्याच्या बाजूचं, केमला उतरून जायचं, एवढं पुरे.

आधी भानगड काय होती ती सांगतो. भीमेच्या अलीकडं एक गाव, पलीकडं दुसरं. बाजार पलीकडच्या गावात, दवाखाना पलीकडं, हायस्कूल पलीकडं. मधली नाव गेनबाच्या घराण्याकडं, बापजाद्यांपासून. नदी ओलांडायला पैसे द्यायचे नाहीत. सुगी झाली की दोन्ही काठांवरनं घरटी धान्य यायचं. न्हाव्याला, सुताराला मिळतं तसं नावाड्याचं बलुतं. आणि त्या बलुत्याची एक खूण होती, ती मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. नवी नाव पाण्यात घालायच्या दिवशी बलुतं देणाऱ्या प्रत्येक घरानं नावेच्या काठावर आपल्या हातानं एक खिळा ठोकायचा. ज्याचा खिळा त्याचं बलुतं, आणि ज्याचं बलुतं त्याची नाव. नवरा-बायकोची भांडणं झाली तर बायको म्हणायची, माझ्या बापाचा खिळा हाय नावंला, मी चालले माहेरी.

आता धरणाचं पाणी मागं सरकत येणार होतं. नदी चौपट रुंद होणार, बांबू तळाला टेकणार नाही. लाकडी नाव दांड्यानं ढकलायचे दिवस संपले. आबासाहेबांनी मुंबईच्या एका बंद पडलेल्या कंपनीची फायबरची जुनी होडी हुडकली, दोन्ही गावांची वर्गणी केली आणि ती ट्रकात घालून माझ्याकडं आणली.

"इंजिनाची नाव गावाची," आबासाहेब माझ्यासमोर गेनबाला म्हणाले. "चालवणार तूच. बलुतं तुझंच. फक्त पाणी चढायच्या आत नाव तयार पाहिजे, आणि गावाच्या म्हणण्याप्रमाणं पाहिजे. न्हायतर ठेकेदार टपून बसलेत, उताराचा लिलाव करा, नाव आमी चालवतो म्हणतात. मग तुझं काय हाय गेनबा, आँ?"

गेनबानं नुसती मान हलवली. त्याचं सगळं त्या होडीवर होतं हे सांगायची गरज नव्हती. त्याला शेत नाही, मुलगा नाही, दुसरा धंदा ठाऊक नाही. नाव गेली की तो रस्त्यावर.

होडीची अवस्था काय सांगू! वरून रंग, आतून भंग. फायबर म्हणजे काय, तर काचेच्या धाग्यांची गोधडी, रेझीन नावाच्या चिकात भिजवून थरावर थर देऊन कडक केलेली. ती कुजत नाही असं म्हणतात. खोटं आहे. ती स्वतः कुजत नाही, पण तिच्या पोटात घातलेलं लाकूड कुजतं, आणि थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून मात्र तुकतुकीत. असली माणसंही मी पुष्कळ बघितली आहेत.

फायबर तपासायचं कसं? खरबूज तपासतात तसं. हातोडीच्या दांड्यानं ठोकत जायचं. टण्ण वाजलं तर थर धड, भद्द वाजलं तर आत हवा शिरलेली. मी ठोकत गेलो आणि खडूनं फुल्या मारत गेलो. शेवटी होडी दिसेना, फुल्याच दिसायला लागल्या. शेपटाची फळी तर अशी सडलेली की आतलं लाकूड चमच्यानं काढावं.

फायबरच्या कामाला मी व्यंकय्याला बोलावलं. हा आमचा तेलुगू दोस्त, मिलच्या रंगखात्यात तेजाबाच्या टाक्यांना फायबरचं अस्तर लावायचा. होडी बघून तो म्हणाला, "मल्लू, ही टाकीच आहे रे. फक्त पाणी बाहेर ठेवायचं."

सोलापूरच्या उन्हाचा पहिला फायदा झाला. ओलं फायबर वाळवायला मुंबईला महिने लागतात म्हणे, आमच्याकडं चैत्रातल्या उन्हानं दोन आठवड्यांत होडी कडकडीत केली. आणि तोटाही उन्हाचाच. रेझीनमध्ये हार्डनर घातला की ते हळूहळू आळतं. सोलापुरात ते हळूहळू कसलं आळतंय! पहिल्या दिवशी डब्यातच धूर निघाला आणि ब्रश आत उभा राहिला, पिठल्यातल्या चमच्यासारखा. व्यंकय्यानं तेलुगूत काहीतरी म्हटलं ते मला कळलं, पण लिहिता येत नाही. मग हार्डनर कमी केला आणि पहाटे उजाडायच्या सुमाराला काम धरलं. सूर्य वर आला की बंद. सुटलेले थर घासून काढायचे, भोकाच्या कडा उतरत्या करायच्या, आणि लहान ठिगळापासून मोठ्या ठिगळापर्यंत चढत जायचं. घासताना काचेची भुकटी उडते आणि अंगाला अशी खाज सुटते की देव आठवतो. बायकोनं माझे कपडे घरात घ्यायचं बंद केलं.

गेनबा शेडमध्येच राहायला होता. होडी सोडून जायला तयार नाही. घासायला लागला, रोलर फिरवायला लागला, बघताबघता आमच्यापेक्षा सफाईनं करायला लागला. गप्प माणूस. पण एक दिवस बिचकत म्हणाला, "मिस्त्री, ह्याच्यात खिळं कुटं मारायचं?"

मी उडालोच. लाकूड खिळा गिळून टाकतं, पाण्यात फुगून त्याला घट्ट धरतं. फायबर गिळत नाही, तडकतं. दीडशे घरांनी होडीला खिळे ठोकले असते तर महिनाभराची आमची खाज पाण्यात. मी तडकून म्हणालो, "खिळे-बिळे काही नाही. एकाही घराला हातोडी घेऊन होडीजवळ येऊ द्यायचं नाही."

"मंग मला बलुतं कोन दील?" गेनबा म्हणाला. "खिळा न्हाय तर नाव माजी न्हाय, असं म्हंतील की."

बरोबर होतं त्याचं. मग मी डोकं चालवलं. होडीच्या काठाला सगळीकडून बाभळीच्या लाकडाची जाड पट्टी बसवली, बोल्टांनी आवळून. ठोका म्हटलं ह्याच्यात काय ठोकायचे ते. गेनबाला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यानं व्यंकय्याला आणि मला भीमेच्या माशांची गोष्ट सांगितली. ती सगळी खोटी होती, पण आम्ही ऐकली.

मग आला इंजिनाचा प्रश्न. इथं मी स्वतःला शहाणा समजत होतो.

होडीला इंजिन लावायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे शेपटाला टांगायचं पेट्रोलचं यंत्र. हलकं, एक माणूस उचलून घरी नेईल. पण पेट्रोल तेव्हा आभाळाला भिडलेलं, आणि त्याचा साधा एक स्क्रू हवा असला तरी मुंबई गाठायची. दुसरी तऱ्हा म्हणजे विहिरीवरचंच एका सिलिंडरचं डिझेल इंजिन होडीत बसवायचं. ते म्हशीएवढं जड, थरथर इतकी की दात वाजतात. पण त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ते चालू करता येतं. बिघडलं तर शेजारच्या शेतातलं सुटं काढून लावा. डिझेल कमी पितं आणि रडत नाही.

मी डिझेलचा कौल दिला. आबासाहेब लगेच हो म्हणाले. मग कुठं बसवायचं? माझा विचार मागच्या बाजूला, शेपटाजवळ बसवायचा. पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा आखूड, काम सोपं, पुढची सगळी जागा माणसांना मोकळी.

आबासाहेबांनी होडीभोवती एक फेरी मारली. "मिस्त्री, मधोमध बसवा," ते म्हणाले. "गाडीचं ओझं मागं गेलं की काय होतंय? उलाळ होतंय. बैल वर उचललं जात्यात. नावंचंबी तसंच की."

मी खूष झालो! खरं सांगतो, मनात म्हटलं, शेतकऱ्याला वजनाचं जे कळतं ते पुस्तकात नसतं. जड इंजिन मधोमध असणं होडीला चांगलंच. दांडा लांब करावा लागणार, पण ते माझं काम.

"आनि पट्टा उघडा नको," ते म्हणाले. इंजिनाचा जोर दांड्याला द्यायला मी पिठाच्या गिरणीसारखा पट्टा लावणार होतो. तरफ ओढली की पट्टा ताणला जाऊन पंखा फिरणार, सोडली की नाव थांबणार. "बायामानसं असत्यात. पदर अडकला, धोतर अडकलं तर जीव जाईल. नावंच्या ह्या काठापासनं त्या काठापत्तर पेटीच करा लाकडाची. उंच. आनि चढउतर करायला पुढं एक पायरी, मागं एक पायरी. गर्दी व्हायला नको."

एवढा विचार करणारं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणजे, लवकर करा आणि स्वस्तात करा. हा माणूस दुसऱ्याच्या पदराची काळजी करतोय! मी व्यंकय्याला म्हणालो, "बघ, याला म्हणतात पुढारी." व्यंकय्या म्हणाला, "पुढं बाक केला, मागं बाक का नको म्हणतो?" मी म्हणालो, "मागं पोती, शेळ्या, सायकली. विचारलंय मी." खरंच विचारलं होतं, आणि आबासाहेबांनी तसंच सांगितलं होतं.

पेटी ठोकत होतो तेव्हा गेनबा जवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "मिस्त्री, पेटीला मदनं वाट ठिवा की. मानूसभर."

"कशाला?"

"यायला-जायला."

"गेनबा, खाली पट्टा फिरतोय. वाट ठेवली तर कुणाचा तरी पाय जाईल. तुम्हाला नाव चालवायची आहे का माणसं मारायची आहेत?" मी जरा जोरातच बोललो. उन्हानं डोकं फिरलेलं होतं.

आबासाहेब त्या दिवशी शेडमध्येच होते, खुर्चीत बसून पान लावत होते. गेनबानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि रोलर उचलून पलीकडं गेला.

होडी पाण्यात घालायला मी आणि व्यंकय्या दोघंही गेलो. धरणाचं पाणी तोवर गावच्या खालच्या रानात शिरलं होतं. ऊस कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. सनई, हलगी, गुलाल, नारळ. दोन्ही गावं काठावर. मग खिळ्यांचा कार्यक्रम. पहिला खिळा आबासाहेबांचा. त्यामागं एकेक घर येऊन बाभळीच्या पट्टीत खिळा ठोकत होतं, बाया डोळे पुसत होत्या, कारण जुनं गाव बुडणार होतं आणि काहीतरी आपलं राहावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. मलाही भरून आलं. मी ते काम केलं होतं ना!

मी हँडल मारलं. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. धाड धाड धाड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी इंजिन बंद केलं, तसा आबासाहेबांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला.

आणि मग माणसं चढायला लागली.

पुढच्या पायरीनं गाव चढलं. बाकावर बसलं. मागच्या पायरीनं आठदहा माणसं चढली. ती आतापर्यंत लांब, चिंचेखाली उभी होती. ती बौद्धवाड्याची माणसं. ती पेटीच्या मागं, उघड्या फळ्यांवर बसली. इंजिनाचा धूर जातो त्या बाजूला. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. पेटी सांगत होती.

मी तरी कसला मूर्ख! दुधनीत आमच्या परड्यात वेगळा पेला खुंटीला टांगलेला बघत लहान झालो. आणि ही पेटी मी स्वतःच्या हातानं, ह्या काठापासून त्या काठापर्यंत, गुण्या लावून काटकोनात ठोकली, तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला उलाळ दिसला, पट्टा दिसला, पदर दिसला.

मागं एक म्हातारी बसली होती. पारूबाई तिचं नाव, गावात सुईणीचं काम करायची. बसलेल्यांपैकी निम्म्यांची नाळ तिनं कापलेली. तिनं पेटीवर हात आपटून बघितला आणि मला विचारलं, "व्हय मिस्त्री, ही भित तुमीच बांधली व्हय?"

"भिंत नाही बाई, इंजिनाची पेटी आहे," मी म्हणालो.

"असंल," ती म्हणाली. "आमाला हितनं भितच दिसती."

व्यंकय्या दुसरीकडं बघायला लागला.

मग गेनबानं मला काठावर बाजूला घेऊन सांगितलं. त्याच्या बापाच्या वेळी लाकडी नावेतही तसंच होतं. बौद्धवाड्याचा खिळा कधी घेतला नाही, आणि बसायचं मागं. "पर दुष्काळात सगळी एका खडीवर दगड फोडत बसली, एकाच मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या," तो म्हणाला. "तवापासनं म्या सोडून दिलं. आला त्यो बसला. नाव लहान, गर्दी मोटी, कोन कुटं बसलंय कुनी बगतंय? आबासायबाला लई टोचायचं ते. पर नावंत आडवं घालायला काय नव्हतं त्याला."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"वाट ठिवा म्हनलं की मी."

मी जाऊन हत्यारांच्या पेटीतली करवत काढली. म्हटलं, आत्ता मधोमध वाट पाडतो, पट्ट्यावर जाळी मारतो, एका तासाचं काम आहे. आबासाहेब आडवे आले. आवाज तसाच गोड.

"मिस्त्री, पेटीला हात लावायचा न्हाय. उद्या पट्ट्यात कुणाचा पाय गेला तर जबाबदार कोण? तुमीच म्हणाला होता की, गेनबाला. मी ऐकलंय."

माझेच शब्द. माझ्याच तोंडावर. मी म्हणालो, "जाळी मारतो ना."

"कशाला? नाव झकास झालीय. तुमचा गावानं मान केलाय. आता जेवायला चला."

मी तिथंच करवत धरून उभा. खरं सांगतो, त्या माणसाच्या पांढऱ्या धोतरावर ग्रीसचा हात पुसावा असं वाटलं. पुसला नाही. ह्याचंही वाईट वाटतं.

गेनबा मात्र होडीत चढला. सगळ्यांना वाटलं, आता खेप निघणार. त्यानं वाकून हँडल उचललं. लोखंडाचं हँडल, मी त्याच्या पंज्याला बसेल असं मुद्दाम वळवून दिलेलं. ते त्यानं आणून आबासाहेबांच्या पायाजवळ ठेवलं.

"आबासायेब, नाव लई चांगली हाय," तो म्हणाला. "पर मला चालवायची न्हाय."

"बलुतं जाईल गेनबा."

"गेलं."

"खाशील काय?"

गेनबानं चप्पल हातात घेतली आणि काठाकाठानं निघून गेला. हलगी वाजवणाऱ्यांना काय झालं ते कळलं नाही, ते आपले वाजवतच होते. आबासाहेबांनी हँडल उचलून आपल्या पुतण्याच्या हातात दिलं. पुतण्यानं ते मारलं आणि इंजिन पुन्हा पहिल्या झटक्यात लागलं. तेव्हा ते लागलं नसतं तर किती बरं झालं असतं! पण मी बसवलेलं होतं.

जेवायला मी थांबलो नाही. फेटा केमच्या स्टेशनवर सोडला. व्यंकय्यानं तो घडी करून पिशवीत ठेवला, म्हणाला, "कापड चांगलं आहे, तुझ्यावर का राग?" नंतर त्यानं त्याचे दोन टॉवेल केले.

पुढं तीनेक वर्षांनी आबासाहेबांचा निरोप आला, इंजिनाला एकदा हात लावून जा. बिघडलं काही नव्हतं. पण नवा खासदार का कोणीतरी येणार होता, म्हणून सगळं चकाचक पाहिजे होतं. मी जाणार नव्हतो. पण गेनबाचं काय झालं ते मला बघायचं होतं, म्हणून गेलो.

पाणी आता दूरवर पसरलेलं. जुन्या गावाच्या जागी नुसती एक चिंच पाण्याबाहेर. फायबरची होडी ऐटीत उभी, बाभळीच्या पट्टीत खिळ्यांच्या रांगा. मी इंजिन तपासलं. काढण्यासारखी एक खोट नाही. पेटीला नवा निळा रंग दिलेला.

गेनबा पलीकडच्या वळणावर भेटला. जुनी लाकडी नाव त्यानं ठेवली होती. बांबू लागत नाही म्हणून दोन वल्ही बनवली होती, एक तो मारायचा, एक बौद्धवाड्यातला कोणी ना कोणी तरणा माणूस. बौद्धवाडा आता त्याच्याच नावेतून जायचा. बलुतं द्यायला त्यांच्याकडं शेतं कुठली? जो जे देईल ते. भाकरी, एखादं लुगडं, पारूबाईच्या हातचं लसणाचं तिखट. गेनबा खंगला होता. खांदे खाली आले होते. एवढ्या पाण्यावर वल्ही मारणं हे साठी उलटलेल्या माणसाचं काम नव्हे. आमची होडी ते पाणी विडी संपायच्या आत ओलांडायची. ह्याचा अर्धा दिवस जायचा.

नावेच्या काठावर मी हात फिरवला. नवे खिळे होते, चकचकीत. पारूबाईचा तिनं मला स्वतः दाखवला. पण मधूनमधून जुने, गंजलेलेही होते.

"हे कुणाचे?" मी विचारलं.

"गावाचं," गेनबा म्हणाला. "जुनं खिळं."

"ज्यांनी तुम्हाला टाकलं त्यांचे? उपटले नाहीत?"

"ऱ्हाऊ देत की. आलं कवा तर बसतील."

यप्पा! मी तिथं नावेत बसलो आणि मला रडूच फुटलं. पारूबाईनं पाण्याचा तांब्या दिला. मी प्यालो. मग मी गेनबाला म्हणालो, सोलापुरात माझ्याकडं शेपटाला टांगायचं जुनं यंत्र पडलंय, चांगलं चालतं, घेऊन येतो, फुकट बसवून देतो. पेट्रोल माझ्याकडून, जमेल तसं.

त्यानं वल्ह्यावर हात ठेवून थोडा विचार केला. माझं मन दुखावू नये म्हणून करत होता, ते मला दिसत होतं.

"नको मिस्त्री," तो म्हणाला. "तुमचं इंजिन लई चांगलं असतंय. पर त्याला जागा लागती. आनि जागा सोडायची म्हनलं की, कुनी सोडायची ते आलंच की."

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी गेनबा गेला, असं केमच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. लाकडी नाव काठावर उपडी पडली, तिचं पुढं काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं.

चाळीस वर्षं धंदा केला. माझी इंजिनं बंद पडली, लोकांनी रस्त्यात गाठून शिव्या दिल्या, एकानं तर लग्नाच्या मांडवात येऊन कॉलर धरली. त्या गावाहून मात्र कधी तक्रार आली नाही. बरीच वर्षं मी तिची वाट बघितली. शेडपुढं एसटीतून कुणी ग्रीसाचे हात घेऊन उतरलं की मी आधी विचारायचो, "कुठलं हो?" आणि दरवेळी ते दुसऱ्याच गावचं निघायचं.